छोट्या टाकीत मासे पुन्हा पुन्हा मरतात? औषधाआधी माशाची निवड तपासा

तक्रार साधारण अशी असते. घरात एक फुटाची टाकी किंवा काचेचा गोल बाऊल आहे. मुलांच्या हट्टापायी चार गोल्डफिश आणले. दोन-तीन दिवस छान गेले, मग पाणी पांढुरकं झालं, मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागले आणि आठवड्याभरात एकेक करून गेले. दुकानदाराने निळं औषध दिलं आणि नवे मासेही दिले. टाकी घासून-पुसून लख्ख केली, सगळं पाणी बदललं. पंधरवड्यात पुन्हा तेच. शेवटी घरातलं कुणीतरी म्हणतं, "आपल्या घराला मासे लाभत नाहीत, नको ते पाप," आणि टाकी माळ्यावर जाते.

मासे लाभत नाहीत असं काही नसतं. नवीन छोट्या टाकीतल्या बहुतेक मृत्यूंमागे रोग हे मूळ कारण नसतं. त्या टाकीत तो मासा राहूच शकत नसतो. त्यामुळे औषध बदलून, दुकान बदलून, पाणी सारखं बदलूनही काही फरक पडत नाही. टाकीच्या पाण्याला झेपेल असा मासा निवडला की निम्मी लढाई तिथेच जिंकली. उरलेली निम्मी म्हणजे टाकीला तयार व्हायला दिलेला वेळ.

मासा कधी गेला, हे आधी आठवा

कारण शोधायचं तर वेळेइतका चांगला पुरावा नाही.

घरी आणल्यावर काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी मासा गेला, तर नळाच्या पाण्यातलं क्लोरीन, तापमानातला फरक किंवा दुकानातून येतानाच खचलेला मासा, यांपैकी काहीतरी आहे. आपल्याकडे येणारे बरेच शोभेचे मासे चेन्नईच्या कोलाथूर भागातून किंवा कोलकात्याकडून ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून लांबचा प्रवास करून येतात. गाडीतून उतरल्या दिवशीच ते विकत घेतले तर त्यांच्यात दम उरलेला नसतो. माल कधी आला ते दुकानदाराला विचारावं आणि आठवडाभर दुकानात टिकलेला मासाच घ्यावा.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून तीन-चार आठवड्यांपर्यंत एकामागून एक मासे जात असतील तर अमोनिया किंवा नायट्राइट. सगळ्यात जास्त घरांत हेच घडतं, म्हणून याबद्दल पुढे सविस्तर लिहितो.

काही महिने सगळं सुरळीत चाललं आणि मग मासे मलूल व्हायला लागले, तर मासा टाकीपेक्षा मोठा झालेला असतो किंवा पाण्यात नायट्रेट साचलेलं असतं. आणि एकच मासा, शेपटी कुरतडलेली, कोपऱ्यात दडलेला सापडत असेल तर टाकीत जोड चुकलेली आहे. फायटर आणि लांब शेपटीचे गप्पी एकत्र ठेवले की हे हटकून होतं.

पाण्यात नेमकं काय होतं

मासा खातो, त्या खाण्यातल्या प्रथिनांतलं नत्र मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया म्हणून पाण्यात सोडतो. विष्ठा आणि तळाशी कुजणारे दाणे त्यात भर घालतात. जुन्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, काचेवर जिवाणूंचा थर असतो. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिले दोन पदार्थ अगदी थोडे असले तरी विषारी, तिसरा बराच सौम्य. नव्या टाकीत हे जिवाणू नसतात, आणि ते पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आपण मात्र टाकी आणली त्याच संध्याकाळी मासे सोडतो.

आता टाकी छोटी असली की काय होतं ते आकड्यांत बघू. माशांच्या दाण्यांत साधारण ४० टक्के प्रथिनं धरा. एका ग्रॅम दाण्यांत सुमारे ६४ मिलिग्रॅम नत्र येतं. त्यातलं निम्मं जरी अमोनिया होऊन पाण्यात उतरलं तरी ३२ मिलिग्रॅम. दोन छोट्या गोल्डफिशना रोज ग्रॅमच्या फक्त दहाव्या भागाइतके दाणे टाकले, तर ५ लिटरच्या बाऊलमध्ये रोज लिटरमागे ०.६ मिलिग्रॅमहून जास्त अमोनिया-नत्र वाढतं. तीन दिवसांत ते दोनच्या आसपास जातं. तेवढेच दाणे ४० लिटरच्या टाकीत टाकले तर रोजची वाढ ०.०८. मासे तेच, खाणं तेच, पण एकीकडे तिसऱ्या दिवशी कल्ले भाजायला लागतात आणि दुसरीकडे जिवाणूंना वाढायला सवड मिळते. आणि बहुतेक घरांत दाणे याच्या कितीतरी पट पडतात, कारण येता-जाता प्रत्येक जण चिमूटभर टाकतो.

यात पाण्याच्या पीएचचाही, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते दाखवणाऱ्या आकड्याचाही, मोठा हात असतो. अमोनिया पाण्यात दोन रूपांत राहतो आणि त्यातलं एकच रूप फार घातक असतं. पाणी २५ अंशांचं आणि पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला शेकडा एकाहून कमी भाग घातक रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच भाग शेकडा पाचच्या वर जातो. म्हणून बोअरवेलच्या जड (क्षार जास्त असलेल्या), जास्त पीएचच्या पाण्यात नवीन टाकी लवकर घात करते. शेजाऱ्याकडे चाललं आणि माझ्याकडे का नाही, या प्रश्नाचं उत्तर बरेचदा इथेच असतं.

लक्षणं ओळखायला शिका. अमोनियाने मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतो, कल्ल्यांच्या कडा लालसर, सुजलेल्या दिसतात, पंख अंगाशी मिटलेले राहतात. नायट्राइटमध्ये रक्त प्राणवायू वाहू शकत नाही. एअर पंप जोरात चालू असतानाही मासा गुदमरतो आणि कल्ले तपकिरी दिसतात. डोळ्यांवर विसंबून राहण्यापेक्षा अमोनिया आणि नायट्राइट मोजणारे थेंबांचे किट घ्या. माशांच्या दोन-तीन खेपांच्या पैशात ते येतं. नळीत टाकीचं पाणी घेऊन थेंब टाकायचे. अमोनियाच्या नेहमीच्या किटमध्ये रंग पिवळा राहिला तर ठीक, हिरव्याकडे वळला तर पाणी बदलायची वेळ आली.

आणि इथेच ती नेहमीची सफाई घातक ठरते. दर रविवारी सगळी टाकी रिकामी करून, खडी साबणाने आणि स्पंज नळाखाली धुतला की जे थोडेफार जिवाणू वाढले होते तेही जातात. टाकी दर आठवड्याला पुन्हा पहिल्या दिवसावर येते. निळं औषध म्हणजे मिथिलीन ब्लू. त्यानेही फिल्टरमधल्या जिवाणूंना इजा होते. माशाला खरोखर बुरशी किंवा तसा काही त्रास असेल तर ते वेगळ्या भांड्यात वापरावं, मुख्य टाकीत ओतू नये.

टाकी खरी किती लिटरची

दुकानात टाकी फुटांत मिळते, हिशोब मात्र लिटरमध्ये करा. एक फूट लांब, रुंद, उंच टाकीत काठोकाठ २८ लिटर पाणी मावतं. तळाची खडी आणि वरची मोकळी जागा वजा करता २२-२४ उरतं. दीड फुटी, म्हणजे अठरा बाय बारा बाय बारा इंचांच्या टाकीत ३५ च्या आसपास. दोन फुटीत ४८ ते ५०. गोल बाऊल बहुधा चार-सहा लिटरचा असतो, त्यात फिल्टर बसत नाही, वरचं तोंडही अरुंद असतं. बाऊलमध्ये कोणताच मासा ठेवू नका, हे मी अगदी स्पष्ट सांगतो. मनी प्लांटची फांदी, जावा मॉस, दोन गोगलगायी ठेवल्या तर बाऊल सुंदर दिसतो आणि कुणाचा जीव जात नाही.

नवशिक्याला शक्य असेल तर मी दोन फुटी टाकीच सुचवतो. महाग वाटते, पण पाणी जास्त म्हणजे चूक पचवायला वाव जास्त. जागा किंवा बजेट नसेल तर दीड फुटी. एक फुटाच्या खाली जाऊ नका.

दुकानात पुढे केले जाणारे, पण नको असलेले

गोल्डफिश पहिला. दुकानात तो दोन इंचांचा असतो, पण फुगीर जातीचे सहा-आठ इंच होतात आणि साध्या लांबट जातीचा फूटभरही होऊ शकतो. त्याला खरं जठर नसतं, तो दिवसभर चरत राहतो आणि तितकीच घाण करतो. नीट ठेवला तर दहा वर्षांहून जास्त जगणारा हा मासा बाऊलमध्ये महिनाभरात संपतो. वास्तूसाठी म्हणून आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ गोल्डफिश दीड फुटी टाकीत सोडायचा सल्ला सर्रास दिला जातो. त्या टाकीला तो भार झेपणं शक्य नाही. श्रद्धा आहे, नऊचा आकडा पाळायचाच आहे, तर दोन फुटी टाकीत नऊ नर गप्पी ठेवा. आकडाही राहील आणि मासेही राहतील.

एंजल पंखांसकट वीतभर उंच होतो. शार्क म्हणून विकला जाणारा रुपेरी-काळसर मासा खरा शार्क नसतो, तो मोठ्या नद्यांतला पंगास कुळातला आहे आणि मीटरभराच्या पुढे वाढतो. ऑस्कर आणि फ्लॉवर हॉर्न यांचा तर विचारच नको. मॉली दिसते गप्पीची बहीण, पण मोठी होते, भरपूर खाते आणि मऊ, म्हणजे कमी क्षारांच्या, पाण्यात कुढते. दोन फुटांखाली नको.

राहिला सकर. "काच साफ ठेवतो, घेऊन जा," म्हणून तो पिशवीत टाकला जातो. तो फुटाहून मोठा होतो, शेवाळ खातो त्याहून जास्त विष्ठा करतो. काच हिरवी होत असेल तर दिवा सहा तासांवर आणा, खिडकीचं ऊन टाळा आणि जुन्या स्पंजने काच पुसा.

मग ठेवायचं काय

एक फुटाच्या टाकीसाठी माझं पहिलं उत्तर: एकच नर फायटर.

फायटर मूळचा थायलंडकडचा, उथळ, संथ, झाडोऱ्याने भरलेल्या पाण्यातला. डोक्यात कल्ल्यांच्या वर त्याला आणखी एक श्वसनेंद्रिय असतं, त्याने तो हवेतला प्राणवायू घेतो. टाकीसमोर शांत बसून पाहिलंत तर दर थोड्या वेळाने तो वर येतो, नाक टेकवल्यासारखं करून हवेचा घोट घेतो आणि खाली जाताना कल्ल्यांतून एखादा बारीक बुडबुडा सोडतो. या देणगीमुळे तो दुकानातल्या चिमुकल्या बाटलीत दिवस काढू शकतो, आणि त्यावरूनच समज झाला की त्याला बाटली पुरते. हवा वरून घेतली तरी अमोनिया कल्ल्यांना भाजतोच. बाटल्यांत ते वेगवेगळे ठेवतात कारण दोन नर एकमेकांना फाडतात. घरी त्याला वीस लिटर पाणी, संथ वाहणारा स्पंज फिल्टर, मागे थोडी झाडं आणि वर झाकण द्या. तो उडी मारतो. पाणी २४ ते २८ अंश. मुंबई-कोकणात वर्षातला बहुतेक काळ हीटर लागत नाही, पुणे, नाशिक, नागपूरच्या हिवाळ्यात मात्र ५० वॅटचा लावावा, नाहीतर तो तळाशी पडून राहतो आणि लोक त्याला आजारी समजून औषधं देतात.

"एकट्याला करमणार नाही, जोडी द्या," असं आपण प्रेमापोटी म्हणतो. फायटरच्या बाबतीत हे प्रेम त्याच्या जिवावर उठतं. मादी सोबत ठेवली तर तो तिला पळवून पळवून मारतो. तो एकटाच राहणारा प्राणी आहे. दोन-तीन आठवड्यांत तो तुम्हाला ओळखतो, डबा उचलला की काचेशी येतो. सकाळ-संध्याकाळ तीन-चार बारीक दाणे, आठवड्यातून एक दिवस उपास. एवढंच.

दीड फुटी टाकीला नर गप्पी. डासांच्या अळ्या खायला आरोग्य विभाग विहिरी-हौदांत सोडतो तेच हे कूळ, फक्त दुकानातले रंगीत शेपटीचे जरा नाजूक असतात. सहा नर पुरे. मादी का नको? गप्पीची मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, साधारण महिन्याला एकदा, आणि एकदा नराशी संग झाला की पुढचे काही महिने नराशिवायही देत राहते. दुकानातली मादी गाभण नसेल असं धरूच नका. दोन माद्यांनी सुरू झालेल्या टाकीत काही महिन्यांत पिल्लांची दाटी होते, अमोनिया वर चढतो आणि मग सगळीच टाकी बसते. नर ओळखणं सोपं: अंग बारीक, शेपटी रंगीत, पोटाखालचा मागचा पंख काडीसारखा टोकदार. मादी मोठी, फिकी, शेपटीजवळ पोटावर काळसर डाग.

मऊ पाणी असेल आणि दुकानात मिळालेच तर दीड फुटात गप्पींऐवजी आठ एंबर टेट्राही छान राहतात. जेमतेम दोन सेंटिमीटरचा, निखाऱ्याच्या रंगाचा मासा आहे. दोन फुटीत पर्याय वाढतात: सहा-आठ झेब्रा डॅनिओ, हा आपल्याच उपखंडातला, काटक आणि सतत धावणारा, म्हणूनच त्याला लांबी हवी, किंवा हनी गुरामीची जोडी, तीही भारत-बांगलादेशातली, किंवा पाच-सहा प्लॅटी. निऑन टेट्रा सगळ्यांना हवा असतो, पण टाकी काही महिने जुनी झाल्यावर आठ-दहांचा थवा आणा, आधी नाही. मासाच हवा असा आग्रह नसेल तर एक फुटात दहा चेरी कोळंब्या ठेवून बघा. तयार टाकीत त्या निगुतीने राहतात. तांबं असलेलं औषध मात्र त्यांना चालत नाही.

यातला एकच प्रकार निवडा. छोट्या टाकीत सगळ्याचं थोडं-थोडं ठेवायला गेलं की कुणाचंच धड होत नाही.

तुमच्या नळाला कोणतं पाणी येतं

मुंबईला तानसा-वैतरणा-भातसाचं आणि पुण्याला खडकवासल्याकडचं पाणी येतं, ते बऱ्यापैकी मऊ असतं. फायटर, टेट्रा, गुरामीला ते मानवतं. दख्खनच्या बेसॉल्ट खडकातलं बोअरवेलचं पाणी जड असतं. तिथे गप्पी आणि प्लॅटी खुलतात, निऑन कुढतात. माशासाठी पाणी बदलत बसण्यापेक्षा पाण्याजोगा मासा घेणं कधीही सोपं. मऊ पाण्यात गप्पी ठेवायचेच असतील तर फिल्टरमध्ये मूठभर धुतलेल्या शिंपल्यांचे तुकडे ठेवा. ते हळूहळू विरघळून पाण्याला क्षार देतात आणि पीएच घसरू देत नाहीत. आरओचं निव्वळ पाणी वापरू नका, त्यात क्षार जवळपास नसतात.

पालिकेच्या पाण्यातलं क्लोरीन उघड्या बादलीत चोवीस तास ठेवलं की बरंचसं उडून जातं. घाई असेल तर दुकानात मिळणारे क्लोरीन मारायचे थेंब. सोसायटीची टाकी ब्लीचिंग पावडरने धुतली त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही पाणी बदलू नका. सगळं ठीक असताना एका दिवसात गेलेल्या माशांमागे बरेचदा हेच निघतं.

टाकी तयार करणं

फिल्टर चालू करून, माशांशिवाय, रोज चिमूटभर दाणे टाकत राहा. ते कुजून अमोनिया तयार होतो, त्यावर जिवाणू वाढतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसायला लागलं की टाकी तयार. ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिथला वापरातला स्पंज मागून आणा आणि ओला ठेवूनच आपल्या फिल्टरमध्ये घाला. चार-सहा आठवड्यांचं काम बरंच लवकर होतं. मुलांना थांबवणं कठीण जातं, हे मला ठाऊक आहे. या दिवसांत त्यांना झाडं लावू द्या, किटचे रंग बघून वहीत आकडे लिहू द्या.

मासे आणल्यावर बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग तोंड उघडून अर्ध्या तासात थोडं-थोडं टाकीचं पाणी आत घाला आणि मासा जाळीने उचलून सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका.

पुढे आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलायचं. स्पंज तुंबला तर टाकीतूनच काढलेल्या पाण्यात बादलीत पिळायचा. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात पाणी फार तापतं आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना लिटरमध्ये ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. दुपारी वर छोटा पंखा लावा, एअर पंप बंद ठेवू नका. वीज वारंवार जात असेल तर बॅटरीवर चालणारा पंप जवळ असावा. चार-पाच दिवस गावाला जायचं असेल तर पूर्ण वाढ झालेल्या माशांना उपास चालतो, शेजाऱ्यांना डबा देऊन जाण्यापेक्षा तो बरा.

आत्ता, या क्षणी मासे मरत असतील तर

खाणं थांबवा. एक तृतीयांश पाणी क्लोरीन गेलेल्या, त्याच तापमानाच्या पाण्याने बदला. पुढचे काही दिवस रोज पाव हिस्सा. एअर पंप पूर्ण सुरू. कल्ले तपकिरी दिसत असतील किंवा किट नायट्राइट दाखवत असेल तर लिटरला एक ग्रॅम साधं, आयोडीन नसलेलं खडे मीठ विरघळवून घाला. त्यातलं क्लोराइड नायट्राइटला माशाच्या अंगात शिरू देत नाही. टाकीत कोळंब्या असतील तर मीठ टाळा आणि फक्त पाणी बदला. मेलेला मासा लगेच काढा. आणि मेलेल्याच्या जागी नवा मासा आणू नका. किट सलग दोन आठवडे शून्य दाखवेपर्यंत थांबा.

टाकीत आधीच गोल्डफिश किंवा सकर असेल तर दुकानदाराला परत द्या, बरेच जण घेतात. किंवा मोठी टाकी, अंगणात हौद असलेलं घर शोधा. दया येऊन त्यांना नदीत, तळ्यात, विहिरीत सोडू नका. टाक्यांतून बाहेर गेलेला सकर आज उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांत येतो, जाळी फाडतो आणि त्याला बाजारात कुणी विचारत नाही. घर मिळेपर्यंत त्या माशाला प्लास्टिकच्या पन्नास-साठ लिटरच्या टबमध्ये स्पंज फिल्टर लावून ठेवा. दिसायला देखणं नाही, पण छोट्या टाकीपेक्षा त्याला तिथे कितीतरी बरं वाटेल.